चंदनाचं वैराग्य

दिवाळीनंतर चंदनाने देवळात जाणं सोडलं. सुरुवातीला घरच्यांना वाटलं, थकली असेल. कारंज्यातल्या भरल्या कापड दुकानाची सून. सणाची गिऱ्हाईकी, फराळ, पाहुणे, थकणारच. पण पाहुणे गेले, दुकान निवांत झालं, तरी ती उठेना. जाग आली तरी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. स्वयंपाकघरात आलीच तर पातेल्याकडे पाहत उभी राहायची, आणि भाजीत मीठ टाकलं की नाही हे तिला सांगता यायचं नाही.

गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "चंदनाले वैराग्य आलं."

भादव्यात जैनांच्या दशलक्षण पर्वाचे सगळे उपवास तिने केले होते, आणि पर्वाचे कार्यक्रमही जवळजवळ एकटीने उभे केले होते. त्यामुळे लोकांना ते पटलं. एक-दोघींनी तर घरी येऊन तिला हात जोडले. सासरे पन्नालाल यांनाही मनातून बरंच वाटलं. घरातलं एक माणूस धर्माकडे वळलं, यात वाईट काय?

सासूला मात्र ते पटेना. अंगुरीबाई एका दुपारी दुकानात आल्या आणि मुलाला आत बोलावून म्हणाल्या, "श्रेयांस, वैराग्य आलेलं माणूस देवापाशी बसते. ही तं देवाकडे पाह्यतही नाई. काल मले म्हणे, आई, मी नसती तं तुमचं बरं झालं असतं. हे धर्माचं बोलणं नाई, बापू. डॉक्टरले दाखव."

श्रेयांस तिला वाशिमला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉ. विजयमाला गोटे यांनी चंदनाला बरंच विचारलं. ती खुर्चीच्या काठावर बसली होती आणि तिच्या प्रत्येक उत्तराआधी इतका वेळ जायचा, की शेवटी श्रेयांसच बोलू लागला.

"याच्या उलट कधी झालं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं. "झोप कमी, बोलणं जास्त, एकामागून एक बेत?"

"नाही," श्रेयांस म्हणाला. "ती पहिल्यापासूनच उत्साही आहे."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी चंदना म्हणजेच तो उत्साह. लग्नाआधी तिला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती एका मांडवात गाणी म्हणत होती आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही हसवत होती.

डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, "एकदम फार जोर आला, झोप उडाली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. घेऊन या."

गोळ्या लागू पडल्या. चंदना उठून बसू लागली, मग जेवू लागली, मग एके दिवशी न्हाऊन, वेणी घालून दुकानात आली. श्रेयांसचे डोळे भरून आले. गिऱ्हाइकांशी ती अशी काही बोलायची, की लोक नुसतं ऐकायला थांबत. तिने खिडक्यांचे पडदे बदलले, दूरच्या नातेवाइकांना फोन केले, गल्लीतल्या बायकांसाठी शिवणाचा वर्ग काढायचं ठरवलं. डॉक्टरांचं बजावणं श्रेयांस विसरला नव्हता. पण बायको नुकती परत मिळाली होती, आणि तिला आजारी म्हणायला त्याची जीभ रेटेना.

मग एका सकाळी ती दुकानाच्या गादीवर बसून रस्त्याने जाणाऱ्या बायांना बोलावू लागली आणि त्यांच्या हातात साड्या ठेवू लागली. पन्नालालांनी अडवलं. ज्या सासऱ्यांपुढे तिने कधी आवाज चढवला नव्हता, त्यांना ती भर दुकानात म्हणाली, "तुमाले दान करता येत नाई, म्हणून मले अडवता?" आणि स्कूटर काढून निघून गेली.

दुपारी धनज गावाहून हेमसिंगचा फोन आला. तो शेतकरी, दुकानाचं जुनं गिऱ्हाईक.

"श्रेयांसभाऊ, वहिनी इथं हायेत. शाळेपाशी बाया जमवून शिवणाच्या वर्गाचं सांगून राह्यल्या. आवाज पार बसला त्यांचा, पण थांबत नाईत. मी घरी आणून बसवलं, माह्यी बायको हाये त्यांच्यापाशी. तुमी सावकाश या. कोणाले हसू देत नाई मी."

धनजहून श्रेयांस तिला थेट वाशिमला घेऊन गेला. या वेळी अंगुरीबाई सोबत होत्या. डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि या वेळी उत्तर अंगुरीबाईंनी दिलं.

"भादव्यातही हे असंच होतं."

"आई, तवा ती पूजेत होती," श्रेयांस चिडून म्हणाला.

"पूजेत होती, खरं हाये. पण उपवासाचं माणूस थकते, श्रेयांस. ही कुठं थकली? झोप नाई, अन्न नाई, आन् धावूनच राह्यली. आपण तिच्या पाया पडलो."

चंदना मध्येच बसक्या आवाजात घाईघाईने म्हणाली, "रिठदची माह्यी आत्याही अशीच होती. महिनोमहिने पडून राहे. मंग एकदम उठे आन् सारं घर रंगवे. लोक तिले लहरी म्हणत."

डॉक्टरांनी मागच्या वेळचा कागद काढून पाहिला. मग म्हणाल्या, "मागच्या वेळी मला अर्धंच दिसलं होतं. याला बायपोलर म्हणतात. मन कधी खोल जातं, कधी फार वर. वर गेलेलं घरच्यांना आजार वाटत नाही, बरं झालं असंच वाटतं. नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनी ते आणखी वर जाऊ शकतं. ती गोळी थांबवू. मन स्थिर ठेवणारं औषध देऊ आणि रक्त तपासत राहू."

तिला भरती करून घेतलं. श्रेयांस बाहेरच्या बाकावर येऊन बसला. आजवरचे चांगले दिवस तो मनात पुन्हा पाहत होता, आणि त्यातला कोणता खरा, हे त्याला कळेनासं झालं होतं. तो मांडव, ती गाणी, तेही आजारच होता काय? आईला विचारायचं धाडस त्याला झालं नाही.

काही दिवसांनी तो प्रश्न चंदनानेच विचारला. ती शांत झाली होती, औषधाने हात किंचित थरथरत होते. "मॅडम, मग यातलं माझं काय आणि आजाराचं काय?"

"गाणं तुमचं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "लोकांना देण्याचा स्वभाव तुमचा आहे. झोपेविना धावणं आजाराचं. आणि आपण कोणत्याच कामाचे नाही असं वाटतं ना, तेही आजाराचं."

चंदना रडली. श्रेयांसने तिचा हात धरला आणि ती थरथर त्याच्या हाताला जाणवत राहिली.

घरी आल्यावर सगळं लगेच सुरळीत झालं नाही. औषधाने तिचं वजन वाढलं, सकाळी डोकं जड राहायचं. मध्ये एकदा, बरं वाटतंय म्हणून, तिने गोळ्या सोडल्या. पुन्हा वाशिमला जावं लागलं. पन्नालाल बरेच दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मग एकदा ते स्वतःच तिला तपासणीला घेऊन गेले आणि येताना म्हणाले, "मले वाटलं होतं, आपल्या घरात पुण्य आलं. तुले त्रास होऊन राह्यला, हे दिसलंच नाई." ती म्हणाली, "मलेही नव्हतं दिसलं, बाबूजी."

पुढच्या दशलक्षणात डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिने उपवास केले नाहीत. वैराग्य उतरलं काय, असं एकीने विचारलंच. अंगुरीबाईंनी त्या बाईला आजाराचं नाव सांगितलं. जसं कोणी मधुमेहाचं सांगतं तसं.

हल्ली चंदना दुपारी दुकानात बसते. परवा कुणाच्या तरी बोलण्यावर ती खूप वेळ हसली. श्रेयांस, पन्नालाल, दोघेही तिच्याकडे बघू लागले. तिचं हसू थांबलं.

"हसली तरी भेता का तुमी?" ती म्हणाली.

श्रेयांस ओशाळला. "झोप झाली ना काल?"

"झाली."

"मग हास," तो म्हणाला, आणि गिऱ्हाइकासाठी कापडाचं ठाण उलगडायला लागला.