संजीवनीचा डावा पाय

मित्रांनो, हेवा करू नये हे मलाही कळतं. तरी मला हेवा वाटतो, आणि तो मी लपवणार नाही. मी एक जुना टॉर्क कन्व्हर्टर आहे. बुलढाण्याला शेखर मिस्त्रीच्या गॅरेजच्या दाराशी पडून असतो, आणि माझ्या जागी आलेल्या नव्याचा मला राग येतो.

माझं काम तुम्हाला ठाऊक नसेल. दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. माझ्या पोटात असेच दोन पंखे आहेत, फक्त वाऱ्याऐवजी तेल आहे. इंजिन एक पंखा फिरवतं, तेल दुसऱ्याला फिरवतं आणि गाडी चालते. म्हणून माझ्या गाडीला क्लचचं पायडल नाही.

आणि म्हणूनच ती संजीवनीसाठी घेतली होती. संजीवनी घाटाखालच्या गावातली, बुलढाण्याच्या कोर्टात कारकून. लहानपणीच्या अपघाताने तिचा डावा पाय अधू झालेला. क्लच दाबणं तिला जमत नाही. आधी कुणी सोडलं तर ती कामावर जायची, नाहीतर बसस्टँडवर ताटकळायची. मी आलो आणि ती एकटी राजूर घाट चढू लागली. पहिल्या दिवशी ती आईला म्हणाली, "माय, आता हाच माहा डावा पाय." ते ऐकून मी किती फुगलो होतो म्हणून सांगू!

तिला गाडी शिकवली तिच्या वडिलांनी. अर्जुनरावांचा हात तीस वर्षं ट्रॅक्टरवर बसलेला. शिकवताना घाटात ट्रकांची रांग लागली की ते शेजारून सांगत, "ब्रेक काऊन दाबते वं? रेसवर धर. मी ट्रॅक्टर असाच धरतो." ती बिचारी ऐकायची, पुढे एकटी जातानाही तसंच करायची. चढावर गाडी नुसत्या रेसवर उभी, आणि आत माझं तेल उकळतंय. कौतुक माझं होत होतं, म्हणून मी सहन केलं. पाच वर्षं तेलही कुणी बदललं नाही.

मग मी थरथरू लागलो. सरळ रस्त्यावर साठच्या वेगाला गाडी खडीवरून गेल्यासारखी हादरायची. घाटात इंजिन ओरडायचं आणि चाकं मात्र रेंगाळायची. एके दिवशी संजीवनी अर्ध्या चढावर अडकली, तेव्हा अर्जुनराव म्हणाले, "इकून टाकू हे गाडी. मी सोडत जाईन तुले फटफटीवर."

"मले कोणाच्या मांगं बसून जायचं नाही, बाबा," ती म्हणाली.

शेखर मिस्त्रीने गाडी स्वतः चालवून पाहिली. थरथर सुरू झाली तशी त्याने रेस तशीच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श केला. थरथर थांबली. वेग आला की माझे दोन्ही पंखे एकमेकांना घट्ट धरतात आणि ब्रेकला पाय लागला की सोडतात. म्हणजे दुखणं त्या पकडीत होतं. मग त्याने तेल काढलं. काळं होतं, जळका वास मारत होतं.

"ताई, इंजन चांगलं हाय, गिअरबॉक्सबी चांगला हाय. हा कन्व्हर्टर गेला. चढावर रेसवर गाडी धरता का तुम्ही?"

संजीवनीने वडिलांकडे पाहिलं. अर्जुनराव जमिनीकडे पाहत म्हणाले, "म्याच शिकवलं तिले तसं."

गिअरबॉक्स उतरवल्यावर मला ओढून काढण्याआधी शेखरने मोजपट्टी लावली. मी गिअरबॉक्सच्या तोंडापासून किती मिलिमीटर आत बसलो होतो ते मोजलं आणि बाहेर आल्यावर माझ्याच अंगावर खडूने लिहिलं, एकवीस. मग नवा आला. चकचकीत, आतून शुद्ध तेलाने भरलेला. अर्जुनरावांनी त्याला कुंकवाचं बोट लावलं. ट्रॅक्टरला नवं चाक आलं तरी ते लावतात. मला कधी कुणी लावलं नव्हतं.

नव्याला फिरवत फिरवत आत ढकलायचं असतं. तीन वेळा खट् झालं की तो पूर्ण बसतो. एकदा खट् झालं. दुसऱ्यांदा झालं. तेवढ्यात फोन वाजला. बोलून परत आल्यावर शेखरला वाटलं, झालं बसवून. तो पट्टी लावायचं विसरला आणि गिअरबॉक्स वर चढवायला निघाला. माझ्या अंगावर एक फडकं पडलेलं होतं आणि आकडा त्याखाली झाकलेला होता. मित्रांनो, लाज वाटते सांगायला, पण मला आनंद झाला. फुटू दे याला, असं माझ्या मनात आलं.

मग समोरच्या बाकावर बसलेल्या संजीवनीकडे माझं लक्ष गेलं. काठी मांडीवर आडवी धरून ती गाडीकडे टक लावून पाहत होती. हा फुटला तर उद्यापासून ती फटफटीवर मागे बसणार होती. माझा आनंद तिथेच विरला. पण मला कुठे बोलता येतं?

तेवढ्यात काठीला लागलेलं तेल पुसायला तिने वाकून ते फडकं उचललं.

"शेखरभाऊ, याच्यावर एकवीस काऊन लिहिलं?"

शेखर जागीच थांबला. त्याने पट्टी लावली. नऊच भरले. त्याने नव्याला पुन्हा सावकाश फिरवलं आणि तिसऱ्यांदा खट् झालं. "तसेच बोल्ट कसले असते तर आतला पंप फुटला असता, ताई," तो म्हणाला. तिने माझ्या आकड्यावरून एकदा बोट फिरवलं. तेवढंच मला मिळालं.

म्हणून सांगतो मित्रांनो, तुमच्या घरी अशी गाडी असेल तर मोठ्यांना सांगा, तेल वेळेवर बदला. आणि चढावर थांबाल तेव्हा गाडी ब्रेकवर धरा.

गॅरेजसमोरचा रस्ताही चढाचाच आहे. रोज सकाळी संजीवनी एकटी घाट चढून येते आणि गर्दी असली की इथे थांबते. मी कान देऊन ऐकतो. नवा थरथरत नाही. गाडीचे मागचे दोन लाल दिवे लागतात, म्हणजे तिचा पाय ब्रेकवर आहे. नव्याच्या चकाकीचा नाही, कुंकवाचाही नाही, मला हेवा वाटतो तो त्या दोन दिव्यांचा. माझ्या वेळी ते घाटात एकदाही लागले नाहीत.