बॉनेटवरचं कुंकू

मी ट्रॅक्टर बोलतोय. चालू असताना माझ्या आवाजात माझंच मला ऐकू येत नाही. आज उसाच्या रानात मधोमध बंद पडलोय, म्हणून सवड आहे.

जन्म साहेबाच्या देशातला, पण घराणं विचारू नका. सांगलीत मला जुना म्हणूनच विकलं. घेणारा धोंडिराम फौजेत नाईक होता. सुट्टीवर आला की माझ्या सीटवर असा बसायचा, जणू मागून पलटण येतेय. एकाहत्तरच्या लढाईचं बोलावणं आलं, तेव्हा मला गोठ्याशेजारच्या छपरात लावून तो गेला. तो बेपत्ता झाला आणि मी अडगळ झालो. कोंबड्यांनी सीटवर अंडी घातली, उंदरांनी एअर क्लीनरमध्ये बाळंतपणं उरकली.

धोंडिरामचं असणं-नसणं मात्र घरच्यांच्या सोयीनं चाले. त्याची बायको शालूबाई माहेरी निघाली की तो जिवंत असे: नवरा आला तर घरात कोण? हळदीकुंकवाच्या दिवशी तो नसे. तिला नेमकं चुलीपुढचं काम निघे.

पाच वर्षांनी त्याच्या धाकट्या भावानं, राजारामनं, मला उठवायचं ठरवलं. बाळासो मेस्त्रीनं टाकीतलं सडकं डिझेल उपसलं, जाम झालेल्या इंजिनात तेल सोडून भिजत ठेवलं. अंगावरचा गंज खरवडला तो शालूबाईनं. त्याला कुणाची हरकत नव्हती.

सुरू करायच्या दिवशी पूजेचं ताट घेऊन तीच पुढं आली. सासू बनाबाई म्हणाली, “तू ऱ्हाऊ दे गं. सवाष्णीचा हात लागतुया. धाकटी सून लावंल कुंकू.”

शालूबाईनं ताट खाली ठेवलं नाही. “आत्याबाई, एवढंच सांगा. ते हायती का न्हाईत?”

म्हातारीनं माझ्या रिकाम्या सीटकडं बघितलं.

“हाय. माझा ल्योक हाय.”

“मग मीच लावती.”

तिनं बोटानं माझ्या बॉनेटवर कुंकू टेकवलं.

राजारामनं हँडल मारलं. मी ठसकलो आणि गप्प झालो. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. एकेक मान शालूबाईकडं वळली.

“तरी आई सांगत हुती,” राजाराम पुटपुटला.

“वैनींकडं काय बघतोस रं? डिझेलच्या नळीत हवा धरलीया,” मेस्त्री म्हणाला. त्यानं नळीचा नट सैल करून हवा काढली, आणि पुढच्याच हँडलला मी काळा धूर ओकत सुरू झालो. बनाबाईनं डोळ्यांना पदर लावला. धुराची तेवढी सोय झाली.

तेव्हापासून मी नीट नांगरलं की राजारामचं कौतुक होतं. पंक्चर झालो, पंख्याचा पट्टा तुटला, की त्या बोटाची आठवण निघते. अर्जुना नावाच्या शेजाऱ्यानं चिखलात रुतवलं, तेही तिच्याच नावावर गेलं. माणसांना यंत्र दुरुस्त करण्यापेक्षा बाईला दोष देणं स्वस्त पडतं. त्याला पाना लागत नाही.

आत्ताही राजाराम बांधावर मान हलवत बसलाय. मेस्त्रीला निरोप गेलाय. आणि डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन शालूबाई पाणंदीनं येतेय. माझा आवाज नाही हे तिला लांबूनच कळलंय. तिची चाल मंदावलीय.

लोकहो, नळीत हवा धरली असेल तर काढा, फिल्टर चोंदला असेल तर बदला. मला तेल नको, रंग नको. बाळासो मेस्त्री, फक्त ती बांधाशी पोचायच्या आत या.