मधली रिकामी वाघीण

मी एक जुनी वाघीण आहे. घाबरू नका मित्रांनो, जंगलातली नव्हे. मालगाडीच्या डब्यालाही वाघीणच म्हणतात. मला ना भिंती, ना छप्पर. चाकांवर लाकडी फळ्यांची लांबलचक पाठ, बस्स. यार्डाच्या टोकाला गंजक्या रुळांवर मी सहा वर्षं उभी आहे.

कारखान्यातून नवीकोरी बाहेर पडले तेव्हा केवढी ऐट होती मला! वाटलं, आता मोठमोठी यंत्रं न्यायची, जहाजांचे पंखे न्यायचे. कसलं काय. एखादी वस्तू एका वाघिणीवर मावत नसेल, तर ती तीन वाघिणी मिळून नेतात. पुढची आणि मागची भार घेतात, मधली मोकळी पळते. ती मधली म्हणजे मी. चाळीस वर्षांत माझ्या पाठीवर कुणी साधं खोकंही ठेवलं नाही. कोळशाच्या वाघिणी मला 'फुकटी' म्हणून चिडवायच्या आणि खरं सांगते, ते मला झोंबायचं.

पण मी जे पाहिलं, ते त्यांनी कुठून पाहावं? एका सकाळी क्रेनने पवनचक्कीचं पातं उचललं. पांढरंशुभ्र, सव्वाशे फूट लांब. ते माझ्यावर आलं आणि मला आभाळ दिसेनासं झालं. सगळ्या यार्डाने हातातलं काम थांबवलं. माल बांधणाऱ्यांचा एक मुकादम होता. लाकडी पाचरी ठोकण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून सगळे त्याला पाचरकाका म्हणत. तोही टोपी काढून नुसता बघत राहिला. मग आम्ही निघालो, तोही गाडीबरोबर आला. वळण आलं की पातं सरळच राही आणि मी त्याच्याखालून हळूच बाजूला सरके. एवढी अजस्र वस्तू दोन दिवस माझ्या पाठीपासून वीतभर उंचीवर तरंगत होती. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

पुढे पाचरकाका निवृत्त झाला. मलाही इथे आणून सोडलं. माझ्या फळ्यांतून गवत उगवलं, तरी कुणी विचारपूस केली नाही.

मग एका रविवारी पाचरकाकाची लेक आली. ती दातांच्या कवळ्या बनवते आणि सुट्टीच्या दिवशी छोट्या छोट्या रेल्वेगाड्या. काकाची नजर दिवसेंदिवस जात चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. काकाची एकच इच्छा होती, ते पातं एकदा परत बघायचं. त्याचा फोटो कुणी काढलाच नव्हता. म्हणून लेकीने तीन वाघिणींसकट त्या पात्याची छोटी गाडी करायला घेतली, वडलांची नजर पुरती जायच्या आत. तिने फूटपट्टीने मला इंच इंच मोजलं. तिच्या खोलीत गाडीच्या छोट्या रुळांचं कडं मावेना, तेव्हा तिने ते माझ्याच पाठीवर मांडलं.

गाडी तयार झाली. काकाला स्टुलावर बसवलं. गाडी सुटली, वळणावर आली आणि कलंडली. पुन्हा लावली, पुन्हा कलंडली. लेकीच्या तोंडचं पाणी पळालं.

काकाने बोटांनी गाडी चाचपली. "अगं, हिला का चिकटवलंस?"

"मधली रिकामी बरी दिसत नव्हती, बाबा. वाया गेल्यासारखी. म्हणून पातं तिघींवर टेकवलं."

वाया गेल्यासारखी. आतून तुटलेच मी.

"वेडे," काका म्हणाला, "वळणावर हिला सरकायला जागा लागते. हिला जखडलंस तर तिघीही पडणार. दोन्ही टोकांना फिरत्या बैठका कर आणि मधलीच्या पाठीवरच्या फटीला हात लावू नकोस. वाटेत प्रत्येक स्टेशनात उतरून मी वाकून तेवढी फटच बघायचो. बाकी काही नाही."

माझ्याकडे! इतकी वर्षं मला वाटत होतं, सगळे पात्याकडे बघत होते.

लेकीने सगळं उकलून पुन्हा केलं. त्यात तीन आठवडे गेले. तोवर काकाला फक्त उजेड आणि सावली कळत होती. त्याने माझ्या फळ्यांवर गाल टेकवला. गाडी सुटली. वळण आलं. छोटी मधली वाघीण पात्याखालून हळूच बाजूला सरकली आणि गाडी पुढे गेली.

"दिसलं का, बाबा?" लेकीने विचारलं.

"दिसलं. मधून उजेड दिसला." त्याच्या गालाखाली माझी फळी ओली झाली.

मित्रांनो, अशा छोट्या गाड्या तुम्हीही कराल. आधी यार्डात या. खरा माल कसा ठेवलाय, कुठे बांधलाय, कुठे मोकळा सोडलाय, ते डोळे भरून बघा. आणि एखादी रिकामी दिसली म्हणून तिला लगेच भंगारात काढू नका. तिचं काम काय होतं, ते जाणत्या माणसाला विचारा.

आणि हो, त्या दिवशी माझ्या पाठीवर पहिल्यांदा माल चढला होता. ती छोटी गाडी, ते पातं आणि एका म्हाताऱ्याचा गाल. मी तसूभरही हलले नाही.