माझी हिरवी वायर

मी पेटी बोलतेय. पेटी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर भजनातली पेटी येईल, नाहीतर गावाला न्यायची पत्र्याची ट्रंक. तसली नव्हे हो मी. मी डीजेची पेटी. गाणी फिरवायचं ते बटणांचं आणि चकत्यांचं यंत्र असतं ना, कंट्रोलर म्हणतात त्याला, ते माझ्या पोटात बसतं. अंग काळ्या प्लायवूडचं, कडांना ॲल्युमिनियमची पट्टी, कोपऱ्यांना लोखंडी टोप्या. माझं झाकण उघडलं की लोक नाचायला उठतात. पण आज नाचाचं काही सांगायचं नाहीये. एका भल्या माणसाला माझ्यापायी बोल लागला, तेवढं सांगायचंय. मला वाचा असती तर तेव्हाच ओरडले असते.

मला विकत घेतलं प्रणितने. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला सव्वीस वर्षांचा मुलगा, हळदी-साखरपुड्यांना डीजे वाजवतो. हातात कला आहे, पण घाई फार. कुठलंही काम त्याला कालच व्हायला हवं असतं.

तेव्हा मी नुसतीच पेटी होते. दर कार्यक्रमाला झाकण उघडायचं, वायरींचा गुंता आत कोंबायचा आणि कुठली कुठे जाते ते शोधत बसायचं. माजिवड्याला एका लग्नात कुणाचा तरी पाय त्या गुंत्यात अडकला आणि ऐन हार घालताना गाणं बंद पडलं. नवऱ्यामुलाच्या मामाने चारचौघांत प्रणितचा जो उद्धार केला, तो मी माझ्या कानांनी ऐकलाय. दुसऱ्याच दिवशी त्याने मला टेम्पोत चढवलं आणि डोंबिवलीला देवरामकाकांकडे नेलं.

देवरामकाका म्हणजे चाळीस वर्षं वायरिंग केलेला माणूस. पूर्वेला चाळीत तळमजल्यावर त्यांची खोली. अर्ध्या खोलीत संसार, अर्ध्या खोलीत अवजारं. काकांची एक सवय होती. धातूच्या कुठल्याही वस्तूला हात लावायच्या आधी, करंट असला की दिवा लागतो तो टेस्टर लावायचे. घरच्या फ्रिजलासुद्धा!

"लग्नात मला हार घालायच्या आधीपण लावला असता ह्यांनी," सगुणाकाकू म्हणायच्या.

"म्हणून तर म्हातारा झालो," काका म्हणायचे आणि पुन्हा कामात डोकं घालायचे.

तीन दिवस त्यांनी माझ्यावर मेहनत घेतली. माझ्या पाठीला चौकोनी भोक पाडलं, तिथे कडेच्या पट्टीला भिडणारी लोखंडी प्लेट बसवली. एका बाजूला विजेचं सॉकेट आणि फ्यूज, दुसऱ्या बाजूला आवाजाची दोन गोल सॉकेटं. आतली जोडणी कायमची करून टाकली. आता बाहेरून तीन वायरी खोचल्या की काम झालं, गुंता नाही की शोधाशोध नाही. सगळ्यात शेवटी त्यांनी एक हिरवी वायर घेतली आणि प्रणितला जवळ बोलावलं.

"हे अर्थिंग. आतली एखादी वायर घासली, पत्र्याला लागली, तर करंट हिच्यातून जमिनीत जाईल, फ्यूज उडेल. हात लावणाऱ्याला काही होणार नाही. आणि हे बघ, स्पीकरमध्ये घरघर आली तर आवाजाच्या वायरीत शोध. हिला हात लावायचा नाही. कळलं?"

"हो काका, टेन्शन नका घेऊ."

काकांनी स्क्रू पिळला, वायर ओढून बघितली, पुन्हा पिळला. मग माझ्या कोपऱ्यावर थाप मारून म्हणाले, "सगुणा, जगात ही एकच वस्तू बघ, जिला मी टेस्टर लावणार नाही. हिचं अर्थिंग मी स्वतः केलंय." काय सांगू तुम्हाला, मला केवढा अभिमान वाटला!

वर्षभर सगळं नीट चाललं. मग टेंभी नाक्याजवळच्या एका साखरपुड्यात स्पीकर घरघरायला लागले. गाण्याच्या मागे सारखं घुं घुं. पाहुणे वळून वळून बघू लागले. शेजारी उभा असलेला एक साऊंडवाला म्हणाला, "अरे, अर्थिंग उडव ना भावा. सगळे तेच करतात."

प्रणितने माझी प्लेट खोलली. कटर घेतला. कट्! घरघर थांबली, गाणं स्वच्छ झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. "उद्या जोडून टाकतो," तो स्वतःशीच पुटपुटला. तो उद्या काही उगवला नाही. इकडे टेम्पोच्या हादऱ्यांनी माझ्या पोटातली विजेची वायर प्लेटच्या कडेवर रोज थोडी थोडी घासत होती. मला कळत होतं. सांगणार कुणाला?

मग प्रणितच्या बहिणीची, कल्पिताची हळद आली. घरचं कार्य, काका-काकूंना आग्रहाचं आमंत्रण. दुपार कलली होती. अंगणात मांडव, हळदीच्या पाण्याने सगळी फरशी ओली. प्रणितने नुकतीच माझी विजेची पिन खोचली होती, आवाजाच्या वायरी लावायच्या बाकी होत्या. मांडवात यायचं म्हणून काकांनी चपला बाहेर काढल्या आणि अनवाणी आत आले. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. खिशाला टेस्टर होता. त्यांनी तो काढला नाही. "काय गं, बरी आहेस ना?" म्हणाले आणि माझ्या कोपऱ्यावर हात ठेवला.

तो हात सुटेना. काकांच्या तोंडून आवाज फुटेना. जे त्यांना जाळत होतं ते माझ्याच अंगातून जात होतं, आणि मी तशीच थंड उभी. प्रणितने झेप घेऊन पिन उपटली तेव्हा काका खाली कोसळले.

काका वाचले, देवाची कृपा. पण उजव्या हाताची तीन बोटं आखडली ती आखडलीच. कोळीवाड्यात जो तो म्हणू लागला, "वय झालं देवरामचं. वायर ढिली ठेवली, स्वतःलाच भोवली." प्रणितची आई तर काकांना बघून घरी आली आणि रडत सांगत होती, "काकापण तेच म्हणतात रे. माझाच हात चुकला म्हणतात. बरं झालं मीच सापडलो, कल्पिता सापडली असती तर काय तोंड दाखवलं असतं." सगळं प्रणितला माहीत होतं आणि तो गप्प होता. मला त्याची इतकी चीड आली!

दीड महिन्याने सगुणाकाकू आल्या. हातात काकांची अवजारांची पिशवी. ती त्यांनी माझ्याच झाकणावर ठेवली.

"ह्यांनी तुला द्यायला सांगितलीय, प्रणित. माझ्या हातांवर माझाच भरवसा उरला नाही म्हणतात. दिवसभर हात समोर धरून बघत बसतात रे." वरच टेस्टर होता, मुठीपाशी झिजलेला.

काकू गेल्यावर प्रणित पिशवीसमोर बसला. पिशवीला हात लावायची त्याची छाती झाली नाही. सकाळ होताच पिशवी आणि मी, दोघी टेम्पोत.

डोंबिवलीला काका खाटेवर बसले होते. प्रणितने मला आणि पिशवीला त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि माझी प्लेट खोलली. काकांनी चष्मा लावला. वाकले. आखडलेल्या बोटांनी हिरव्या वायरीचं टोक धरलं.

"ही सुटलेली नाही," ते हळूच म्हणाले. "तुटलेली पण नाही. कापलीय."

"मी कापली, काका. टेंभी नाक्याला. घरघर येत होती म्हणून... तुमचं काही चुकलं नव्हतं."

काकूंनी तोंडाला पदर लावला. काका त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते. वायरीचा राहिलेला तुकडा अजून स्क्रूखाली होता. त्यांनी तो ओढला. पुन्हा ओढला. तो जागचा हलला नाही.

"सगुणा, इकडे ये. बघ. माझा स्क्रू घट्ट आहे गं," ते म्हणाले, आणि हुंदके देऊन रडू लागले.

मग डोळे पुसून प्रणितला म्हणाले, "माफ केलं असं आज नाही म्हणणार मी. नवी वायर काढ. घासलेलीपण बदल. मी सांगतो तसं लाव." प्रणित स्क्रू पिळत होता आणि काका म्हणत होते, "अजून. अजून एक आटा."

पिशवी त्यांनी पायाने खाटेखाली सरकवून घेतली. कोळीवाड्यातल्या पुढच्या हळदीला प्रणितने पहिलं गाणं लावायच्या आधी माइक घेतला आणि भर मांडवात सांगितलं, देवरामकाकांचं काम चोख होतं, वायर मी कापली. माझ्या सॉकेटांतून तेवढं स्वच्छ काही आजवर गेलं नव्हतं.

आता मी जुनी झालेय. कडा पोचल्यात, एक कडी निसटलीय, पण हिरवी वायर जागेवर आहे. तुमच्याकडे माझ्यासारखी कुणी असेल तर हात जोडून सांगते, घरघर आली तर येऊ द्या, लोक हसले तर हसू द्या, पण तिची ती वायर कापू नका.

काका अजून मला बघायला येतात. आता आधी टेस्टर लावतात. दिवा लागत नाही. तरी क्षणभर थांबतात, आणि मगच हात ठेवतात.