घड्याळांच्या खोलीचा रंग

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून उस्ताद शिडीवर चढत नव्हते. चाळीस वर्षं लोकांची घरं रंगवलेला माणूस. भिंतीवर नुसतं बोट फिरवून खालचा रंग किती जुना आहे ते सांगायचा. त्यांच्या मुलाला रंगाच्या वासाने शिंकांवर शिंका यायच्या, त्यामुळे त्याने या धंद्यापुढे कधीच हात टेकले होते. सुनेने मात्र लग्नानंतर वर्षभरातच सासऱ्याचा ब्रश हातात घेतला. चार वर्षं तिने त्यांच्या हाताखाली काढली आणि आता पहिल्यांदाच स्वतःच्या भरवशावर एक काम घेतलं होतं.

गिऱ्हाईक होते एक म्हातारे घड्याळजी. दुकान बंद करून त्यांनी भिंतीवरची अकरा जुनी घड्याळं घरी आणली होती आणि मागची रिकामी खोली त्यांच्यासाठी ठेवली होती. खोलीला खिडकी एकच, तीही शेजारच्या इमारतीच्या भिंतीला नाक लावून बसलेली.

"मी नुसता बघायला येतो. तोंड उघडणार नाही," असं म्हणून उस्ताद सुनेबरोबर गेले. पाच मिनिटं त्यांनी शब्द पाळला.

"खोली अंधारी आहे हो. सायीचा रंग द्या. उजळ, उबदार. बघा कशी खुलते!"

"बाबा, मी गडद निळा सुचवलाय," सून म्हणाली. "जरासा करड्याकडे झुकणारा."

"निळा? इथे? अगं, खोलीची विहीर करशील!"

घड्याळजींनी एकदा सासऱ्याकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. "तुमचं काय ते ठरू द्या. मी तोवर चहा टाकतो," म्हणत त्यांनी काढता पाय घेतला.

सून वाद घालत बसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने प्लायवूडच्या दोन मोठ्या फळ्या आणल्या, एक सायीच्या रंगाची, एक निळी. दोन्ही भिंतीला टेकवल्या आणि प्रत्येकीवर एकेक घड्याळ अडकवलं. "काका, दिवसभर येता-जाता बघत राहा. संध्याकाळी आम्ही येतो."

संध्याकाळी घड्याळजी डोकं खाजवतच दारात आले. "सकाळी मला साय आवडली. दुपारनंतर माझं मलाच कळेना. उस्ताद, तुमचं अख्खं आयुष्य यात गेलं. तुम्ही म्हणाल तो रंग."

उस्तादांची छाती फुगली. 'साय' हा शब्द उस्तादांच्या ओठांवर आला होता, तेवढ्यात त्यांनी फळ्यांकडे नीट पाहिलं.

सायीचा रंग मरगळला होता. ऊन नाही तिथे ऊब आणायची कुठून? धुणं धुतलेल्या पाण्यासारखा मळकट दिसत होता, आणि त्यावरचं घड्याळही मलूल. शेजारच्या निळ्यावर मात्र पितळी लंबक झळकत होता. लाकडावरची वेलबुट्टी अशी उठून आली होती, की जणू कोणी ती आत्ताच कोरली असावी.

उस्तादांनी निळ्या फळीवरून हलकेच बोट फिरवलं. मग घसा खाकरून म्हणाले, "अशा किती खोल्यांना मी साय फासली, देव जाणे. काम झालं की डबे उचलायचे आणि निघायचं. संध्याकाळी परत जाऊन एकदासुद्धा बघितलं नाही. ही पोरगी बघते. निळाच द्या."

सून त्यांच्याकडे बघतच राहिली.

"अशी बघू नकोस. गडद रंग चहाडखोर असतो, भिंतीचा बारीकसा खड्डाही गावभर करतो. भिंत आरशासारखी सपाट हवी. खड्ड्यांत लांबी मी भरणार."

"बाबा, तुमचे गुडघे..."

"खालची भिंत माझी, शिडीवरची तुझी. बोल."

पुढचे तीन दिवस दोघांनी मान वर केली नाही. जुना रंग खरवडला, लांबीचा लेप पत्र्याने ओढून खड्डे भरले, वाळल्यावर घासकागदाने घासून काढलं. शेवटी सून भिंतीलगत दिवा धरून बारकाईने बघत फिरली आणि उस्तादांच्या बाजूला थबकली.

"बाबा, इथे जरा राहिलंय."

चाळीस वर्षांत असं बोलायची कोणाची टाप नव्हती. उस्तादांनी चष्मा चढवला, वाकून पाहिलं. राहिलं होतं खरं. मुकाट्याने त्यांनी पत्रा उचलला. 'डोळा आहे पोरीला,' ते मनात म्हणाले आणि मिशीतल्या मिशीत हसले.

रंगाचे दोन हात झाले, वाळले, अकरा घड्याळं चढली. घड्याळजी खोलीच्या मधोमध उभे राहून गोल फिरले. मग हलकेच खुर्चीत टेकले.

"इतकी वर्षं दुकानात होती ही," ते म्हणाले, "पण एवढी देखणी आहेत हे मलाच माहीत नव्हतं. उस्ताद, मानलं तुम्हाला!"

"मला कशाला मानता? मी इथे लांबी भरायला होतो," उस्तादांनी मान ताठ करून सुनेकडे बोट दाखवलं. "काम हिचं आहे. माझ्या सुनेचं."

सून खाली बसून रोलर पुसत होती. तो कधीच पुसून झाला होता, तरी ती पुसतच राहिली.

जिना उतरताना तिने विचारलं, "बाबा, सोमवारपासून दोन खोल्यांचं काम आहे. याल लांबीला?"

"बघतो. मलाही माझी कामं असतात," उस्ताद रुबाबात म्हणाले. दोन पायऱ्या उतरले आणि थांबले.

"किती वाजता निघायचं?"