साहेब स्ट्रेचरवर झोपले तेव्हा

सरकारी दवाखान्याचे नकाशे मंजूर झाले आणि कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी आर्किटेक्टबाईंना सांगून टाकलं, "तुमचं काम संपलं. आता ठेकेदार बघेल."

"बांधकाम चालू असताना मी येऊन तपासायचं, त्याचं काय?"

"या की! तुमचीच इमारत आहे. पैशांची तेवढी तरतूद नाही."

आधीच्या दोन शाळांच्या वेळी बाईंनी असेच पदरमोड करून वर्षवर्ष खेटे घातले होते. सासूबाई तर सुनेला तोंडावर विचारायच्या, "तुला काय सरकारने दत्तक घेतलंय?" या वेळी बाईंनी मन घट्ट केलं. फेऱ्यांचा मोबदला ठरल्याशिवाय येणार नाही, असं लेखी कळवलं आणि खरंच गेल्या नाहीत. जीव मात्र तिथेच घुटमळत होता.

चार महिन्यांनी तिथल्या म्हाताऱ्या गवंडीकाकांचा फोन आला. "ताई, पाइप झाकायला बोळातली भिंत हातभर पुढे घेतलीय. मला काही ठीक दिसत नाही."

ऑपरेशनच्या खोलीकडे जाणारा बोळ तो! बाईंनी ओळखीच्या डॉक्टरांकडून एक चाकांचं स्ट्रेचर मागून आणलं आणि साहेबांना थेट बांधकामावर बोलावलं.

"झोपा साहेब."

"मी?"

"दोन मिनिटं."

साहेब संकोचून आडवे झाले. काकांनी स्ट्रेचर ढकललं. वळणावर ते जे अडकलं, ते ना पुढे जाईना, ना मागे येईना.

"उतरून चालत जाऊ का?" साहेब म्हणाले.

"पेशंटलाही असंच सांगायचं?"

मजूर खो खो हसले. ठेकेदार चाचरत म्हणाला, "बाईंनी वेळेवर सांगायला हवं होतं."

"सांगायला मी इथे असायला हवी होते ना!"

साहेबांनी मान उचलून भिंतीला अडकलेलं स्ट्रेचर पाहिलं. मग झोपल्या झोपल्याच म्हणाले, "भिंत पाडा. बाई, फेरीचा दर सांगा."

"सांगते. पण एकट्या माझ्यापुरतं नको. यापुढे प्रत्येक सरकारी इमारतीच्या करारात हे कलम घाला, आर्किटेक्ट कुणीही असो."

साहेबांनी होकार दिला आणि ते शब्दाला जागले. महिन्याभरात कचेरीच्या बांधकाम समितीने तसा ठराव केला, तोही एकमताने.

दुसऱ्याच दिवशी बाई हक्काने जिना चढल्या. तिसरी पायरी त्यांना उंच लागली. त्यांनी टेप लावून मापलं आणि ठेकेदाराकडे नुसतं पाहिलं.

"फोडतो बाई," तो म्हणाला, "आत्ताच फोडतो."