मुख्याध्यापकांची फिरती खुर्ची

शेजारच्या शाळेतल्या मुलांनी स्वतः गाडी बनवली आणि तिचा फोटो पेपरात आला. तो पाहून मुख्याध्यापकांना चहा गोड लागेना. दुसऱ्याच दिवशी त्यांनी प्रार्थनेनंतर जाहीर केलं, "शाळा सुटल्यावर आपलाही गाडी क्लब भरेल. यंदाच्या वार्षिक समारंभात प्रमुख पाहुण्या आपल्याच गाडीतून मैदानात येतील!" टाळ्या कडाडल्या. शिकवणार कोण, हा प्रश्न त्यांना टाळ्या चालू असतानाच पडला.

मग त्यांना थोरली बहीण आठवली. ताई बसच्या कारखान्यात वेल्डर होती. नुकतीच निवृत्त झाली होती आणि घरात हात रिकामे म्हणून सुनेच्या धडधाकट कढयांचे कान हलवून बघत होती.

"ताई, मुलांना जरा लोखंडाचं काम शिकव. फक्त शाळेत मला बाळ्या म्हणू नकोस."

"बरं, बाळ्या," ताई म्हणाली.

क्लबला सायकल स्टँडमागची खोली मिळाली. ताईने सुरुवातीला गाडीचं नावच काढलं नाही. प्रत्येकाला लोखंडाचा एक तुकडा आणि कानस देऊन म्हणाली, "सपाट करा. वर पट्टी ठेवून उजेडात धरा. फटीतून उजेड दिसला तर अजून घासा."

मुलांची नखं काळी झाली तसे पालक धावत आले. "आमचा मुलगा पुढे मोठा इंजिनिअर होणार. तो घासणार नाही. त्याला कॅप्टन करा." मुख्याध्यापकांना कुणाचं मन मोडवेना. बघता बघता क्लबमधले सगळेच कॅप्टन झाले. एका मुलीच्या घरून तेवढं कुणी आलं नाही. तिच्या दप्तरात कायम पाना असायचा, म्हणून तिला सगळे 'पाना'च म्हणत. इतक्या कॅप्टनांकडून काम करून घ्यायला कुणीतरी हवंच होतं. ते आपसूक तिच्या गळ्यात पडलं.

हळूहळू मुलं नळी काटकोनात कापायला शिकली, वेल्डिंगची रेघ सरळ ओढायला लागली. पानाने जोडलेल्या पहिल्या दोन नळ्यांवर ताई चक्क उभी राहिली. जोड टिकला. ताई उतरल्यावर पानाने तो जोड हळूच चाचपला. अजून कोमट होता.

नेमके त्याच वेळी मुख्याध्यापक दारात उभे होते.

"वा! मग आधी आपलं फाटक बघा."

फाटक झालं. मग मोडके बाक आले, शिक्षकांच्या खोलीतलं कपाट आलं, शेवटी मुख्याध्यापकांच्या घरचं फाटकही आलं. "हेसुद्धा शिक्षणच आहे," ते म्हणाले. गाडीच्या काही नळ्या बाकांच्या पायांत, तर काही फाटकांत गेल्या. सर्वांत शेवटी शिपाई मुख्याध्यापकांची काळी, गोल फिरणारी खुर्ची घेऊन आला. "साहेब डावीकडे कलतात म्हणे."

समारंभाच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी खोलीत डोकावलं. "गाडी तयार?"

"सांगाडा, चाकं, पायडल, ब्रेक सगळं झालंय, सर," पाना म्हणाली. "फक्त पाहुण्यांची सीट राहिलीय. तिच्या नळ्या तुमच्या घरच्या फाटकाला लागल्या."

"मला कारणं नकोत! खोलीत जे असेल ते बसवा!" म्हणत ते मंडपवाल्याशी भांडायला निघून गेले.

सगळ्या कॅप्टनांनी खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यात दुरुस्त झालेली खुर्ची उभी होती.

"ताई, 'जे असेल ते' असंच म्हणाले ना?"

ताईने चष्मा पुसला. "मी तरी तसंच ऐकलं."

प्रमुख पाहुण्या शिक्षण खात्यातल्या मोठ्या बाई होत्या. पाना पुढे पायडल मारत होती आणि बाई मागे खुर्चीत बसून डावीकडे गर्रकन, उजवीकडे गर्रकन वळत हात हलवत होत्या. मैदान नुसतं खिदळत होतं. मुख्याध्यापकही जोरजोरात टाळ्या पिटत होते. मग त्यांनी खुर्ची ओळखली आणि हात जागच्या जागी थबकले.

"काय सुंदर सोय केलीत!" बाई उतरता उतरता म्हणाल्या. "ही खुर्ची कुणाची?"

मुख्याध्यापक पुढे झाले. "मुलांसाठी आम्ही... काहीही देतो."

बाई भारावल्या. "मग ही गाडी आमच्या कार्यालयाच्या दारात ठेवू. सगळ्या शाळांना बघू दे!"

संध्याकाळी टेम्पो आला आणि खुर्चीसकट गाडी गेली. मुख्याध्यापकांनी नव्या खुर्चीसाठी खात्यात शब्द टाकला, तर बाई फोनवर हसल्या. "गाडी बनवणाऱ्या शाळेला खुर्ची कसली मागायची!"

बाकावर बसून पाठ धरल्यावर एके दिवशी ते क्लबमध्ये आले. "ताई, एक साधी खुर्ची..."

"मला काय विचारतोस? तिला विचार."

पानाने मान वर केली नाही. "बाहेरची कामं बंद आहेत, सर. दुसरी गाडी चालू आहे. स्वतः करणार असाल तर त्या टेबलावर जागा आहे."

मुख्याध्यापक घुटमळले. मग त्यांनी कोट खिळ्याला अडकवला. पहिल्याच जोडाला नळीला भोक पडलं.

"भोक पडलं, सर."

"दिसतंय मला."

"एकाच जागी थांबू नका. हात पुढे सरकवत राहा."

त्यांनी दुसरा तुकडा उचलला. तेवढ्यात शिपाई आला. "साहेब, बैठकीला सगळे शिक्षक खोळंबलेत."

"जरा थांबायला सांग," मुख्याध्यापक म्हणाले आणि त्यांनी वेल्डिंगचा मुखवटा तोंडावर ओढला.